आर्णीची हिरवी फियाट

यवतमाळला उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आलो होतो, आर्णीतली एक जुनी फियाट घ्यायला. जुन्या गाड्या घेऊन विकणं हा माझा धंदा. स्टँडवर तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे खाल्ले आणि कानशिलं तापली.

आर्णीच्या एसटीतून दोन्ही बाजूंना कपाशीच कपाशी. शेजारच्या काकांना म्हटलं, "पीक झकास दिसतंय."

"दुरून दिसते," काका म्हणाले. "बोंड फोडून पाहा. अळीच अळी."

फियाट कुसुमताईंची. नवरा ती टॅक्सी म्हणून चालवायचा. तो गेल्यापासून गाडी छपरीत उभी. पाच वर्षांपूर्वी मी ती पाहून आलो होतो, घेतली मात्र नव्हती. आता कापसाचा भरवसा राहिला नाही म्हणून ताईंना गाडी विकून पिठाची चक्की टाकायची होती. फोनवर मी चांगला भाव कबूल केला होता. हल्ली शौकिनांना कंपनीचा मूळ रंग लागतो. पोपडे आलेले चालतात, पण रंग मूळचाच हवा.

"जयभीम भाऊ, या," म्हणत ताईंनी पाणी दिलं. मी गाडीला टेकलो आणि बाही चिकटली. हिरवागार ऑइलपेंट! ब्रशनं मारलेला, अजून ओला.

"अहो ताई, हे काय करून ठेवलंत!" मी ओरडलोच. "मूळ रंगाचेच तर पैसे होते. आता निम्मा भावही येणार नाही."

ताईंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "मागं आलते तवा तुमीच म्हनलं ना, रंग उडाला, असा डबडा कोन घेईन, रंग मारून ठेवा? दोन दिवस लागले, सोता मारला."

आठवलं. तेव्हा चकचकीत गाडीच खपायची. मी बोललो आणि विसरून गेलो.

"आता बाजार बदलला तर फोनवर काहून (का) नाही सांगतलं? मले काय ठावूक? चूक तुमची, मंग भाव माया (माझा) कायले (कशाला) पाडता?"

लाज वाटली, सरळ सांगतो. ठरलेले पैसे दिले आणि गाडी ट्रकवर चढवली.

परतताना वाटभर स्वतःला शिव्या घातल्या. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, 'बाजारच तसा आहे, मी काय करू?' जणू त्या बाजारात मी नव्हतोच.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. गिऱ्हाईक येतं, नाक मुरडतं, विचारतं, "असला रंग कोणी मारला हो?"

"मी," म्हणतो.