सूर्यास्ताची सर्व्हिस

राजारामपुरीतल्या कोडिंग क्लासमध्ये माझ्या शेजारी हातकणंगल्याच्या एक जैन बाई बसायच्या. पन्नाशीतले आम्ही दोघंच. एंटर दाबण्याआधी त्या बोट पदराला पुसायच्या. घरी पोचून दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून लवकर निघायच्या.

त्यांची पहिली वेब सर्व्हिसही त्याचीच होती: तारीख पाठवली की सूर्यास्ताची वेळ परत यायची. पंचांगात बघून वर्षभराच्या वेळा त्यांनी स्वतः टाइप केल्या होत्या.

"पुण्यातली सून म्हणती, पंचांग कोण बघत बसणार? आता मोबाईलवरच दिसंल की!"

क्लासच्या रीतीप्रमाणे शेजाऱ्याची सर्व्हिस आपण तपासायची. बघू काय होतंय, म्हणून मी माझ्या मशीनवरून डिलीटची रिक्वेस्ट पाठवली. ती अडवायचं आम्हाला अजून शिकवलं नव्हतं. सगळ्या वेळा पुसल्या गेल्या.

बाई रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"माझंच कायतरी चुकलं, दादा. सून हसंल आता."

"होतं असं सुरुवातीला," मी म्हणालो.

"तुमी हायसा म्हणून जरा धीर येतोय," म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. सरांनी कारण विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "त्यांना जमलं नसावं."