सहदेवची सुटी बाकं

सहदेव घाडीगावकरला फिरायला नेलं की तो बसायचा. ही त्याच्या बायकोची, पार्वतीची, कायमची तक्रार. लग्नानंतर दोघं राणीच्या बागेत गेली, तेव्हा हत्ती तिने एकटीने पाहिला. हा तेवढा वेळ एका बाकावर बसून ते डुगडुगतं का, हे तपासत होता.

मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात तो फिटर होता. वडील गिरणीत होते, गाव मालवणजवळ. राहायला आमच्याच श्रमसाफल्य सोसायटीत, दुसऱ्या इमारतीत. आमच्या तीन इमारतींच्या मधे बऱ्यापैकी मोकळी जागा होती, एक बकुळीचं झाड होतं आणि बाकी सगळ्या पाट्या होत्या. येथे खेळू नये. येथे बसू नये. येथे कपडे वाळत घालू नयेत. फक्त उभं राहायला बंदी नव्हती. या पाट्या चेअरमन चंद्रप्रकाश वैद्य यांनी स्वतः रंगवल्या होत्या, आणि अक्षर खरोखर सुंदर होतं.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत सहदेव आणि पार्वती पहिल्यांदाच लांबच्या सहलीला निघाली. बेंगलोर-मैसूर, टुरिस्ट बसने. बेंगलोरच्या एका बागेत बस वीस मिनिटं थांबणार होती. पार्वती फुलं बघायला पुढे गेली. सहदेवने खिशातून टेप काढली आणि तो बाकाची उंची मोजायला लागला. बागेचा रखवालदार धावत आला.

"क्या नापता है?"

"बैठक," सहदेव म्हणाला.

रखवालदाराला वाटलं, हा नक्की सरकारी माणूस. तो लगेच नरमला. "ये छोडो साब, इसमें कमर दुखती है. वो देखो, पेड़ के नीचे वाला." मग दोघं मिळून बाकामागून बाक बसून बघत सुटले. शेवटी चप्पल लागलेला पाय ओढत पार्वती तिथे आली.

"माका राजवाडो बघूचो आसा, बाकां नाय!" असं म्हणत ती त्याच बाकावर टेकली. समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. ती उठायला गेली, दोनदा मागे कलंडली, आणि तिसऱ्यांदा बाकाच्या हाताला धरून उभी राहिली. पार्वती म्हणाली, "बघितलात? हात नसतो तर ती संध्याकाळपर्यंत हयच रवली असती."

सहदेवने ते वहीत लिहून घेतलं. तोवर बसचा हॉर्न पाच वेळा वाजून गेला होता, आणि पुढे मैसूरपर्यंत त्या दोघांशी बसमधलं कुणी बोललं नाही.

परत आल्यावर तो थेट वैद्यांकडे गेला आणि मोकळ्या जागेत बाकं ठेवायची परवानगी मागितली.

"बाकं ठेवली की लोक बसतील," वैद्य म्हणाले.

"बसतील ना साहेब."

"बसले की बोलतील."

"बोलतील."

"बोलले की भांडतील!"

"ते आता जिन्यात भांडतातच," सहदेव म्हणाला. वैद्यांनी महिनाभराची परवानगी दिली, ट्रायल म्हणून.

मालकाला विचारून त्याने कारखान्यातले उरलेसुरले पाइप घेतले आणि रविवारी रविवारी वेल्डिंग करून चार बाकं बनवली. बसायला खोक्यांच्या फळ्या, आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी हात. पहिली दोन त्याने मधोमध, एका रेषेत, सिमेंटमध्ये पक्की बसवली. दिसायला झकास! पण आठ दिवसांत त्यांवर कावळ्यांखेरीज कुणी बसलं नाही. बायका आपल्या इमारतीच्या पायऱ्यांवरच. आमच्या इमारतीतली नलिनी सबनीस तर म्हणाली, "भावोजी, तिथे बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं हो."

सहदेव दोन दिवस जेवताना वहीतली मापं पुन्हा पुन्हा ताडून बघत होता. तिसऱ्या दिवशी पार्वतीने भात वाढता वाढता विचारलं, "बेंगलोरात तुम्ही झाडाखाली बसलेलास. हय उन्हात कोण बसतला? आणि बसायचा खय ता बसणाऱ्याक इचारलात?"

दुसऱ्या दिवशी त्याने छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःचंच सिमेंट फोडलं. चारही बाकं सुटीच ठेवली आणि जाहीर केलं, "पंधरा दिवस ज्याला जिथे पाहिजे तिथे न्या. मी काही बोलणार नाही."

मग जी मजा झाली! सकाळी एका जागी असलेलं बाक संध्याकाळी भलतीकडेच. म्हाताऱ्यांनी एक गेटजवळ नेलं, कारण तिथून बसस्टॉप दिसायचा आणि कोण कुणाबरोबर उतरलं तेही. बायकांनी दोन बाकं आमच्या इमारतीच्या सावलीत समोरासमोर लावली, भिंतीला पाठ आणि मुलांवर नजर. रोज कामावर जाताना आणि आल्यावर सहदेव चुन्याचा डबा हातात घेऊन फिरायचा आणि बाक जिथे असेल तिथे खूण करायचा. थोड्याच दिवसांत जमिनीवर पांढरे ठिपके दाट झाले.

वैद्यांनी घरी येऊन तक्रार केली, "घाडीगावकर, सोसायटीची मालमत्ता हिंडतेय!"

"हिंडू दे साहेब, दमली की बसेल."

चौथ्या बाकाचं मात्र कोडं होतं. रात्री ते म्हाताऱ्यांच्या बाजूला असायचं, आणि सकाळी बकुळीमागे. तेराव्या दिवशी सहदेव पहाटे दूध आणायला उतरला, तेव्हा वैद्य बनियनवर, काखेत वर्तमानपत्र धरून, ते बाक ओढत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वैद्यांचे कान लाल झाले.

"घरात सून रेडिओ लावते हो," ते पुटपुटले. "एक पान धड वाचता येत नाही."

"साहेब, दुसरं टोक मी धरतो," सहदेव म्हणाला.

बाकं शेवटी चुना जिथे सगळ्यांत दाट होता तिथेच पक्की झाली. बकुळीमागचं सुद्धा. 'येथे बसू नये' ही पाटी वैद्यांनी स्वतःच उतरवली, फक्त म्हणाले, "पावसाने रंग गेला होता." रंग चांगला ताजा होता.

हळूहळू आजूबाजूच्या सोसायट्यांतून बोलावणी यायला लागली. लोक बाकं कुठे बसवायची त्याचा नकाशा मागायचे. सहदेव म्हणायचा, "नकाशा पंधरा दिवसांनी. आधी चार सुटी बाकं घ्या." घाटकोपरच्या एका सोसायटीत मात्र दुसऱ्याच दिवशी एक बाक गायब झालं. शोधाशोध केली तर ते दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सापडलं, आणि त्यावर भीमराज कदम नावाचे आजोबा पाय पसरून बसले होते. नातवांनी ते वर चढवलं होतं.

"तूच म्हणालास ना, पाहिजे तिथे न्या?" आजोबा म्हणाले. "माझे गुडघे खाली उतरू देत नाहीत रे."

सहदेव हसत त्यांच्या शेजारी बसला. गॅलरीतून खालचं पटांगण, मुलं, भाजीची गाडी, सगळं दिसत होतं. बऱ्याच वेळाने तो उठला, टेप काढून त्याने गॅलरीची रुंदी मोजली, आणि पुढच्या रविवारी आजोबांसाठी एक अरुंद, हातांचं बाक घेऊन आला. मोठं बाक त्याने नातवांना हाताशी घेऊन खाली उतरवलं, आणि जिन्याच्या वळणावर ते अडकलं तेव्हा सगळे तिथेच, त्या बाकावरच बसून दम खात राहिले.