नानांनी आणलेला रिपोर्ट

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नानांनी कशालाही चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. माझ्या पुरणपोळीला ते एकदा "खाण्यासारखी झालीये" म्हणाले, तेव्हा त्यांच्या बायकोने, सुमतीकाकूंनी, वळून पाहिलं. विश्रांतवाडीचे रस्ते, नळाचं पाणी, स्वतःचा जावई, सगळ्यांना एकच माप.

काकूंचं आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी मागे लागली. आजार परत डोकं वर काढतोय का, याचा सुगावा रक्तातल्या सीईए नावाच्या आकड्यावरून लागतो. तपासणी जवळ आली की ते घर मिटून जाई. लेकीकडे जायचं, नवे पडदे शिवायचे, सगळ्याला नानांचं उत्तर एकच, "रिपोर्टनंतर बघू." रिपोर्ट आणायला तेच जात आणि दारातूनच ओरडत, "आहेस अजून. कुकर लाव!"

एकदा मात्र ते आधी माझ्या दाराशी आले. आकडा वाढला होता.

"तिला काय सांगू?"

"आहे ते सांगा."

"तुम्हाला सोपंय. तुम्ही जेवायला तुमच्या घरी जाणार."

ते घरात गेले, मी मागोमाग. "सुमती, रिपोर्ट फार छान आलाय हो. तू बस, चहा मी टाकतो."

काकूंनी हातातली मेथी खाली ठेवली. "किती वाढलाय?"

नाना चहाचं पातेलं शोधू लागले.

"अहो, इतक्या वर्षांत मला कधी 'बस' म्हणाला नाहीत. खोटं तरी नीट बोला. डॉक्टरांना फोन लावा."

स्कॅनमध्ये यकृतावर छोटी गाठ निघाली. वेळेत कळली म्हणून काढता आली. पण तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यानंतर रिपोर्ट काकूच उघडायच्या आणि नाना खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे. "जन्मठेपेतसुद्धा चांगल्या वागणुकीची सूट मिळते," म्हणायचे. "इथे तेही नाही."

मागच्या वर्षी नानाच गेले. दुपारी पेपर वाचता वाचता, हृदय बंद पडून. त्यांचं रक्त तपासायचं कधी कुणाला सुचलंच नव्हतं.

पुढच्या तपासणीच्या सकाळी मी गेले तर काकू पलंगावर बसून होत्या, केस न विंचरता.

"आता राहू दे गं. वाढला काय, नाही वाढला काय. सांगायचंय कुणाला?"

"मला," मी म्हटलं. "चला, रिक्षा खाली थांबलीय."

त्यांनी फणी मागितली.