जळगाव जामोदला, दादाच्या अस्थींसाठी

जिल्ह्याबाहेर जायला आता ई-पास लागणार नाही, ही बातमी संध्याकाळी टीव्हीवर आली आणि मी तशीच उठून माळ्यावरची बॅग काढली. नवरा म्हणाला, "उद्याच?" मी म्हणाले, "दोन महिने झाले." तो माझ्यासाठी सॅनिटायझरची बाटली भरायला आत गेला.

या ब्लॉगवर तुम्ही माझ्यासोबत किल्ले पाहिलेत, घाट चढलात. ही पोस्ट तशी नाही. पण या उन्हाळ्यात ज्यांचं माणूस परगावी गेलं आणि ज्यांना वेळेवर पोचता आलं नाही, अशा अनेकांना आता हाच प्रवास करायचा असेल. म्हणून गाड्या, नियम, सगळं लिहितेय.

दादा, माझा मोठा भाऊ, जळगाव जामोदच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. लग्न केलं नाही, एकटा राहायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला तेव्हा इकडे नाशिकला मी आणि नवरा दोघंही पॉझिटिव्ह, घरात कोंडलेले. नगरपालिकेचे एक कर्मचारी, विलासभाऊ, यांचा फोन आला.

"ताई, तुमी येऊ शकत नाई, मले माहीत हाये. मी करतो सारं. फक्त येवढं सांगा, घरी त्याईले काय म्हनत होते?"

"दादा," मी म्हणाले.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. "झालं ताई. अस्थी ठेवल्या हायेत. जमंल तवा या."

रेल्वेचं रिझर्व्हेशन असेल तरच सध्या स्टेशनात सोडतात, तेव्हा आधी तिकीट काढा. नाशिकरोडहून मलकापूरला उतरायचं. तिथे फलाटावर कपाळाला यंत्र लावून ताप पाहिला. रिपोर्ट कुणी मागितला नाही, तरी जवळ ठेवा. पुढे नांदुऱ्यावरून एसटी. आणि तिकीट मागताना 'जळगाव जामोद' असं पूर्ण नाव सांगा. नुसतं जळगाव म्हटलं की लोक तुम्हाला उलट्या दिशेला पाठवतात.

बसमध्ये उभं राहू देत नाहीत. माझ्या पुढच्या बाकावरच्या मावशींनी कंडक्टरला विचारलं, "आता तं समदं उठलं ना हो?"

"समदं कुठं? बाजार चार वाजता बंद, देऊळ बंद. लग्नाले पन्नास, मौतीले वीस. तुमचा मास्क वर घ्या पहिले."

नांदुऱ्याला हनुमानाची ती उंच मूर्ती दिसली. दर्शन बंद असल्यामुळे बसमधूनच सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, पण मागायला काही सुचलं नाही. येरळीच्या पुलावरून पूर्णा ओलांडली. दोन्हीकडे काळ्या रानांत कपाशीची लावण चालली होती. दादा दर सुट्टीत मला बोलवायचा, "ये, सातपुडा दाखवतो." मी नेहमी कोकणात जायचे. बसच्या काचेतून सातपुड्याची निळी रेघ दिसली आणि मी पहिल्यांदा रडले.

स्टँडवर विलासभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. पस्तिशीतला बारीक माणूस, अर्धा चेहरा मास्कमध्ये. हॉटेलात बसायला बंदी, फक्त पार्सल. त्यांनी कागदात बांधलेली कचोरी हातात दिली. "खाऊन घ्या ताई, मंग जाऊ."

स्मशानाच्या फाटकावर एक हवालदार होता. आत दुसरीच कुणाची अंत्ययात्रा आली होती. बाहेर दहा-पंधरा माणसं ताटकळत होती.

"वीस झाले," तो ओरडला. "काऊन ढकलून राह्यले बे? नियम हाये."

आम्हीही थांबलो. मग आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि बाहेरच्या एका मुलीला म्हणाले, "जाय बाई, तुह्या आजीले पाहून ये." ती आत गेली. मग आणखी एकजण बाहेर, एकजण आत. असं करत सगळे जाऊन आले. विसाचा आकडा कुणी मोडला नाही. मी बघत राहिले. माझ्या दादाच्या वेळी वीसही चालत नव्हते. एकही चालत नव्हता.

गर्दी पांगल्यावर आम्ही आत गेलो. विलासभाऊ शेडमध्ये न जाता मागच्या मोकळ्या जागेत गेले आणि एका काळ्या पडलेल्या पट्ट्यापाशी थांबले. "इथं. आत जागा नव्हती त्या दिवशी."

कडुनिंबाच्या फांदीला कापडाने तोंड बांधलेलं मडकं टांगलं होतं. त्यांनी ते सोडून खाली घेतलं, पण माझ्या हातात दिलं नाही.

"ताई, फोनवर बोललो नाई. तवा तुमी आजारी होत्या. त्या दिवशी इथं चिता लागूनच होत्या. सकाळी आलो तं राख एकात एक झाली होती. मी दादाच्या जागेवरून उचललं. पन हे सारं त्याईचंच हाये, असं मी शपथेवर सांगू शकत नाई."

मी तिथेच खाली बसले. दोन महिने मी या मडक्यावर जगत होते. मला त्यांचा राग आला, खोटं का बोलला नाहीत याचाच. ते मडकं धरून उभे राहिले.

मी विचारलं, "शेजारी कोण होतं?"

"एक बाई होत्या. खेड्यावरच्या. त्यांच्याकडून अजून कोनी आलं नाई."

"अग्नी देताना तुम्ही दादा म्हणून हाक मारलीत?"

"हाव. त्याईले दादा म्हनलो. तिले माय म्हनलो. तिचं नाव कोनाले माहीत नव्हतं."

मी हात पुढे केले. मडकं हलकं होतं.

येताना येरळीला उतरलो. विलासभाऊ मोटारसायकलवर तिथपर्यंत सोडायला आले होते. नदीत पाणी कमी होतं, गुडघाभर आत जावं लागलं. अस्थी सोडताना मी दादाला हाक मारली, मग त्या अनोळखी बाईंनाही. मलकापूरला लॉज उघडे आहेत, जेवण मात्र खोलीतच देतात. मला गेलं नाही.

घरी येऊन आठवडा झालाय. निर्बंध आणखी सैल होतील म्हणतात. इकडे लोक सहली ठरवतायत आणि त्यात चूक काही नाही. जिला कधी पाहिलंही नाही अशा एका बाईंचं सुतक माझ्याकडे उरलंय. ते मी धरलंय.

परवा मी विलासभाऊंना दादाचा शाळेतला एक फोटो पाठवला. त्यांनी दादाला फक्त पिशवीत गुंडाळलेला पाहिला होता. काल सकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला.

"ताई, दादा लय हसरे होते की."