सावडीतला पाय

आत्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि त्यांचं सगळं माझ्या गळ्यात आलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. डावा हात गेला, डावा पाय गेला. जीभ तेवढी शाबूत, आणि तीच जास्त दमवायची. नवरा लोणी देवकरला कारखान्यात, आठवड्याला एकदा उगवायचा. मोरगावच्या शिवारात आम्ही दोघीच. त्यांना उठवा, धुवा, भरवा, मग शेरडं, मग रान. गावात एसटीडी फोन नुकता आला होता, पण फोन करून सांगणार काय? दमले म्हणून?

त्यात ज्वारी वाळून खडखडीत झाली. आमच्याकडं काढणी सावडीनं व्हायची. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. एका घरातून जितक्या बाया जातील, तितकीच मदत परत यायची. आमच्या घरच्या दोघी धरलेल्या असायच्या. त्या साली सावड ठरवायला शेजारणीच्या ओसरीवर बसलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आवंदा तुज्या घरची एकच धरू न्हवं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. पण निम्मी मदत मिळाली तर उरलेली ज्वारी पाखरांच्या घशात जाणार, आणि आमची वर्षाची भाकरी तीच होती. घरी येऊन मी भांडी आपटली.

"काय झालं गं?" आत्यांनी बाजेवरून विचारलं.

"काय व्हायचंय? सावडीतनं तुमचं नाव गेलं."

"मला कुणी इचारलं? मी येणार हाय."

"आन तितं काय कराल?"

"कणसं बसूनच मोडत्यात न्हवं?"

माझं डोकंच फिरलं. म्हातारीला गाडीत घाला, उन्हात बसवा, पाणी पाजा, म्हणजे काम वाढणार ते माझंच! पण त्या जेवायलाच तयार होईनात. शेवटी चुलत दिराच्या बैलगाडीत घालून शेजारणीच्या रानात नेलं.

उपटलेली ज्वारी वाळत पसरली होती. एका हातानं ज्वारीचं ताट धरायचं, दुसऱ्यानं कणीस मोडायचं. आत्यांना एकच हात. ओढलं की ताट सरकायचं. परत ओढायच्या, परत सरकायचं. बाया खाली माना घालून काम करायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी चला म्हणायला मी उठले, तोवर त्यांनी उजव्या हातानं आपला डावा पाय उचलला आणि दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा ताटांवर ठेवला.

"ह्यो मेला नुसता पडून खातुया. दाबून तर धरंल!"

आणि खरंच धरलं. कट करून कणीस मोडलं. मग दुसरं. शेजारीण हसून म्हणाली, "मावशी, पायाची बी सावड धरायची का?"

"धर की!"

संध्याकाळी त्यांचा ढीग सगळ्यांपेक्षा लहान होता, पण होता. पुढं काढणी संपेपर्यंत त्या रोज गाडीत बसल्या. घरी आल्यावर त्यांचं अंग मीच चोळायची. दमणूक काही कमी झाली नाही, उलट वाढली. पण सकाळी माझ्याआधी त्या तयार असायच्या, आणि मग मला नाही म्हणता यायचं नाही.

आमच्या रानाची पाळी आली तेव्हा सगळ्या बाया आल्या, दोघींच्या हिशेबानं. त्याच दिवशी मला ताप भरला. कणीस मोडायला हात उचलवेना. बांधावर बसले ती उठताच येईना, आणि इतक्या बायांसमोर रडू फुटलं.

आत्या ढिगापाशी बसल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "बस तितंच. आज तुज्या जागी मी हाय."

"आन तुमच्या जागी?"

त्यांनी ताटांवरच्या पायावर थाप मारली.

"ह्यो हाय की."

मी बांधावर डोकं टेकलं आणि कितीतरी महिन्यांनी दिवसाउजेडी झोपले.