टपातला भात

सालुदला कुणी वय विचारलं तर ती वर्षं सांगायचीच नाही, फेरे सांगायची. "दहा झाले, अकरावा यायचाय," म्हणायची.

आता फेरे कसले, तर संत इसिद्रोचे. शेतकऱ्यांचा संत तो. मे महिन्याच्या पंधरा तारखेला त्याच्या मूर्तीची मिरवणूक निघते, पण आमच्या लुकबान गावात सगळीकडे एका दिवशी कुठून जाणार बिचारा? म्हणून गल्ल्या वाटून दिल्यात. यंदा ही गल्ली, पुढच्या साली ती. सहा वर्षांतून एकदा तुमच्या दारावरून जाणार. मग त्या वर्षी ज्याच्या घरी जे पिकतं, जे बनतं, ते दारावर टांगायचं. भात पिकवणाऱ्याने भाताच्या लोंब्या, भाजीवाल्याने दोडकी-वांगी, खाटकाने डुकराचं मुंडकं. आणि सगळ्यांच्या घरावर रंगीत फेण्या. तांदूळ वाटून, रंग घालून पानावर पातळ ओढायचा, वाफ द्यायची, वाळला की पान सोलून काढायचं. पानाची शीर न् शीर फेणीवर उठली पाहिजे. सालुदच्या हातच्या फेण्या तर अशा, की उजेडात धरली तर पलीकडचा माणूस दिसावा.

पहिला फेरा आला तेव्हा ती एकोणीस वर्षांची, नवी नवरी. सासूने फेण्यांचं काम अंगावर टाकलं आणि हिने निम्म्या जाळल्या. दुसऱ्या फेऱ्याला लेक एदलिन कडेवर. तिसऱ्याच्या आधी वादळाने सगळा भात आडवा केला. नवरा मोहेंग म्हणाला, "लाव लोंब्या तशाच, चिखलासकट. त्यानेच पाडलाय ना, बघू दे की त्याला." तशाच लावल्या! लोक हसले, पण त्या साली मोहेंग दारात ताठ उभा होता. असं करत करत दहावा आला, तेव्हा मोहेंग खुर्चीत. पाय सुजलेले. संत पुढून गेला तशी त्याने टोपी काढली, आणि पावसाळा सरता सरता तो गेला.

मागे शेत कोण करणार? मुलगा बोटीवर. एदलिनचा लोंगानिसाचा, म्हणजे सॉसेजचा धंदा, दिवसभर लसूण आणि मांस. शेत विकलं. आता तिथे रांगेने घरं आहेत, एकसारखी, हिरव्या फाटकांची.

एदलिन आईला म्हणायची, "नानाय, आपल्या दारावर आता लोंगानिसा टांगू. तोच आपला धंदा."

"तुझा धंदा. टांग तू. मी काय टांगू?"

हेच सालुदला लागून राहिलं होतं. दहा फेरे तिने आपल्या खाचरातल्या लोंब्या लावल्या. अकराव्याला हात हलवत उभं राहायचं? आणि बाजारातून आणून लावायची तर सोयच नव्हती, कारण ते तोंड तिनेच बंद करून ठेवलेलं.

त्याचं असं झालं. तिची नणंद सियांग, मोहेंगची धाकटी बहीण, दिली होती पलीकडच्या गल्लीत. तिच्या नवऱ्याचं शेत आधीच गेलेलं. तिच्या गल्लीचा फेरा आला तेव्हा सियांगने बाजारातून कोबीचे गड्डे आणले आणि दारभर लावले. छान दिसत होते हो! पण सालुद चार बायकांत म्हणाली, "ही कोबी डोंगरावरून ट्रकात बसून आलीय. बघा ना कशी पडलीय, अजून उलटी होतेय तिला." बायका पोट धरून हसल्या. सियांगने ऐकलं. त्या दिवसापासून आठ वर्षं दोघींचं बोलणं नाही. भावाच्या मयताला आली, छाती पिटून रडली, पण सालुदच्या हातची कॉफी घेतली नाही.

तर आता सालुदला कळत होतं, शेत गेलं की दार कसं दिसतं ते. पण कळून करायचं काय?

जानेवारीत तिने मनाशी ठरवलं. एक ट्रायसिकलवाला धरला आणि त्या हिरव्या फाटकांच्या घरांमागे गेली. तिथे कडेला जुना बांध अजून शिल्लक होता. चार पोती काळी माती भरून आणली. घरामागे पाच भांडी मांडली: दोन कपडे धुवायचे फुटके टप, एक मासळीची पेटी, दोन रंगाचे डबे. भोकं बुजवली, माती घातली, पाणी सोडलं, गुडघे दुखतात म्हणून पाटावर बसून हातानेच चिखल केला. भाच्याकडून ओंजळभर बी आणलं, रोप केलं, आणि लावणी केली. टपात!

एदलिन बघतच राहिली. "नानाय, हे काय? भात? ह्यात?"

"मग काय, कपडे धुऊ?"

"एवढ्या भाताची पेज एका मुंगीला पुरायची नाही."

"मुंगीला जेवायला बोलावलंच नाहीये मी."

का लावला ते काही बोलली नाही. संताला द्यायचं ते हातात आल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, असं तिच्या सासूचं होतं, तेच हिचं. म्हणून लोक आपले धरून चालले, म्हातारीला नाद लागलाय. येणारेजाणारे विचारायचे, "सालुदबाई, नांगरणी झाली का? रेडा कुठे बांधलाय?" ती म्हणायची, "तुझीच वाट बघतेय. ये, जुंपते."

मार्चमध्ये भात पोटरीला आला. एप्रिलात निसवला. दाण्यात दूध भरायला लागलं तशा चिमण्यांना पत्ता लागला. मग सालुद सकाळपासून छत्री उघडून टपांशेजारी बसायची. दोरीला डबडी बांधलेली, दोरी पायाच्या अंगठ्याला. डुलकी लागली की पाय हलायचा, डबडी वाजायची, चिमण्या उडायच्या आणि शेजारचा माणूस दचकून उठायचा. पण दाणा राहिला. पाचही भांडी पिवळी झाली. संध्याकाळचं ऊन पडलं की ती नुसती बघत बसायची. पंचवीस वर्षांत एवढा चांगला भात आला नव्हता म्हणायची, आणि कसा येणार, एकेका रोपाला नावाने हाक मारत होती ती!

एप्रिल संपता संपता तिने फेण्यांची पानं मागवली. टोपलीभर. तांदूळ भिजत घातले. एदलिन लोंगानिसा वळत होती, तिचे हात थांबले.

"नानाय, एवढी पानं कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? आपल्या घरासाठी. पंधरा दिवस राहिलेत फेऱ्याला."

"आपला फेरा?"

"मग? सहा वर्षं झाली ना. तुझे बाबा खुर्चीत होते, तेव्हापासून मोज."

एदलिनने हात पुसले आणि आईच्या समोर येऊन बसली. "नानाय, मध्ये ती साथ आली. दोन वर्षं सगळे घरात कोंडलेले. संत तरी बाहेर पडला का? दोन वर्षं मिरवणूक झालीच नाही. सगळे फेरे दोन वर्षं पुढे गेले. यंदा सियांगआत्याची गल्ली आहे. आपली अजून दोन वर्षांनी."

सालुद बोटांवर वर्षं मोजत बसली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. हिचं आपलं बरोबरच होतं, सहा वर्षं झालीच होती. पण संत त्यातली चारच वर्षं चालला होता. गुडघे धरल्यापासून तीन वर्षं ती दुसऱ्या गल्लीत फेण्या करायला गेली नव्हती, नाहीतर तेव्हाच कळलं असतं. आणि कुणाला बोलली असती तर कुणी सांगितलं असतं. पण बोलायचं नाही ना!

"दोन वर्षांनी मी एक्याऐंशीची," ती म्हणाली.

"मग काय झालं? तुम्ही शंभर करणार."

"मी करीन गं. भात थांबतो का? तो पिकलाय आज."

त्या दिवशी तिने तांदूळ वाटले नाहीत. दुसऱ्या दिवशी उठली, चांगला ब्लाऊज घातला, चार लोंब्या कापून रुमालात गुंडाळल्या, आणि काठी टेकत निघाली. सियांगच्या दारात आली तर सगळी गल्ली बांबू बांधतेय, रंग उकळतायत, पोरीबाळी फेण्या सोलतायत, आणि सियांगचं दार तसंच्या तसं. एक कामटी नाही. सियांग ओट्यावर बसून ताडपानांची टोपी विणत होती. मान वर न करता म्हणाली,

"कोबीची उलटी थांबली का, ते विचारायला आलीस वहिनी?"

सालुद उभीच राहिली. "बसायला तरी सांग. गुडघे गेलेत."

"जीभ चालतेय ना अजून? मग बस."

सालुद बसली. सियांगची बोटं काही थांबेनात.

"दार का सजवलं नाहीस?"

"काय लावू? बाजारातलं लावलं तर लोक हसतात. कुणी हसवलं ते तुला माहीत असेलच."

"माहीत आहे. तेव्हा माझं शेत होतं, म्हणून हसू येत होतं." सालुदने रुमाल मांडीवर ठेवला. "आता माझ्याकडे भात आहे आणि दार नाही."

"आणि माझ्याकडे दार आहे आणि भात नाही, असंच ना? नको बाई. कुणाच्या भाताची भीक नको मला."

"कुणाच्या म्हणजे? माती तुझ्या बापाच्या बांधावरची आहे. चार पोती आणली मी. तुझ्या बापाचा भात तुझ्या दारावर लावायला मला तुझी परवानगी लागते, म्हणून आले. नाही म्हणालीस तर घरी नेते."

आता सियांगची बोटं थांबली. तिने रुमाल उघडला. एक दाणा काढला, नखाने सोलला, दातांखाली धरला. किती वेळ चावत होती! मग म्हणाली, "टपात लावलास म्हणे. सगळं गाव हसतंय तुला."

"हसू दे. माझी पाळी आलीय हसं करून घ्यायची."

सियांगला हसू फुटलं, आणि तिने ते लपवायला तोंड फिरवलं. "पाच टपांच्या भाताने एवढं मोठं दार भरणार आहे होय? कान उघडे, डोकं उघडं असं दिसेल."

"तू ह्या विणतेस ना रोज? त्या लाव की."

"टोप्या? वहिनी, संत शेतकऱ्यांचा आहे."

"मग? शेतात उन्हात काय बोडक्याने जातो माणूस? मोहेंगच्या डोक्यावर जन्मभर तुझीच टोपी होती. शेवटी संतासमोर काढली ती पण तुझीच."

सियांगने विणकाम बाजूला ठेवलं. उठली, आत गेली, आणि सुनेला हाक मारली, "अगं, माळ्यावरच्या सगळ्या टोप्या खाली काढ. आणि वहिनीला व्हिनेगर घालून शेवया दे, सकाळपासून चालतेय ती."

पुढचे दहाबारा दिवस सालुद रोज त्या ओट्यावर. फेण्या तिने ओढल्या, सियांगने सोलल्या, आणि दोघी दिवसभर भांडल्या. ही म्हणे लाल जास्त हवा, ती म्हणे संत आंधळा नाही. तेरा तारखेला सालुदने विळ्याने भात कापला. पाच भांड्यांची मिळून एक पेंढी झाली, दंडाएवढी जाड. ओंजळभर दाणा तिने बियाणाला झाडून ठेवला आणि पेंढी एदलिनच्या हातून सियांगकडे पाठवली. "उलटी धरू नकोस, दाणा गळेल," असं तीनदा बजावून.

पंधराला सकाळी सियांगच्या घरावर टोप्याच टोप्या होत्या, छपरापासून ओट्यापर्यंत, मधूनमधून फेण्यांचे झुबके वाऱ्यावर खुळखुळत होते, आणि मधोमध दारावर ती एक पेंढी. कुठल्या कुठल्या गावचे लोक थांबून बघत होते. एकजण म्हणाला, "भात एवढासाच?" सियांग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू किती पिकवलास? दाखव."

दुपार कलल्यावर बँड वाजायला लागला. पाद्रीबाबा पुढे, मागे खांद्यावरून संत इसिद्रो डुलत डुलत. सालुद दाराशी उभी होती, काठी न धरता. तिने चार महिने काय काय बोलायचं मनात ठरवून ठेवलं होतं. मोहेंगचं सांगायचं होतं, गुडघ्यांचं सांगायचं होतं. संत पुढे आला, खांदेकऱ्यांनी खांदा बदलायला नेमका तिथेच दम घेतला, आणि तिला काही म्हणता काही आठवलं नाही. एक लोंबी वाकडी झाली होती, ती सरळ करत राहिली. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, थोडं पेंढीवर पडलं, थोडं तिच्या चष्म्यावर. चष्मा पुसेपर्यंत संत पुढच्या घरी.

"बघितलं का गं त्याने?" तिने विचारलं.

"बघत होता," सियांग म्हणाली. "माझ्या टोप्यांकडे."

"चल, जा!"

मिरवणूक सरली की टांगलेलं लोकांना वाटायचं असतं. पोरं फेण्या ओढायला धावली, बाया टोप्या मागायला लागल्या. पेंढीला मात्र सालुदने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः एकेक लोंबी काढली आणि मागेल त्याच्या हातात ठेवली. "तांदळाच्या डब्यात ठेव," सांगत होती, "डबा रिकामा होत नाही." शेवटी हातात नुसतं गवत राहिलं, ते पण एका शेळीवाल्याने नेलं. ती ओट्यावर बसली, पाय पसरले, आणि असं हसली की एदलिनने विचारलं, नानाय, पाणी देऊ का?

सियांग शेजारी येऊन टेकली. "बी ठेवलंयस म्हणे."

"ओंजळभर."

"अर्धं मला दे. तुझ्या दाराला दोन वर्षं आहेत, तोवर बी वाढवायला हवं. माझ्या गच्चीवर ऊन जास्त आहे."

"तुझ्याकडे चिमण्या जास्त आहेत."

"मग येऊन बस राखायला. नाहीतरी घरी काय करतेस तू?"

सालुदने थोडा विचार केला. "छत्री तुझी," ती म्हणाली, "आणि शेवयात व्हिनेगर जरा जास्त घालत जा."