बुजवलेलं भोक

परवा शेजारी पाण्याच्या टाकीला फायबरचं ठिगळ लावत होते. रेझिनचा तो उग्र वास आला आणि मी सिल्वासाच्या आमच्या शेडमध्ये जाऊन पोचलो. नव्वदच्या आसपास मी तिथे इंजिनियर होतो आणि आम्ही मुंबईच्या एका शेठची शिडाची बोट बांधत होतो. संडासाचं मैलापाणी साठवायची स्टीलची टाकी आत बसवली होती. तिची हवा बाहेर जायला बोटीच्या बाजूला करंगळीएवढं भोक होतं. शेठ पूजेला येणार, फोटो निघणार, त्यात भोक दिसू नये म्हणून मी ते पुट्टीने बुजवून वर रंग मारायला सांगितलं. धुळ्याचा फिटर म्हणाला, "साहेब, टाकीत टेस्टिंगचं पाणी भरेल आहे. हवा कुठून जाईल?" "फोटो होऊ दे, मग उघडू," म्हणालो आणि विसरलो. नंतर रोज दिवेलागणीला पत्र्याची शेड निवू लागली की रिकाम्या बोटीतून कण्हल्यासारखा आवाज येई, मग आतून लाथ मारावी तसा दणका. "अंदर कोई है," म्हणत कामगार वर चढेनात. चौथ्या दिवशी मी एकटा आत उतरलो. टाकीवर हात ठेवला, तर पत्रा तळव्याखाली छातीसारखा आत गेला. तेव्हा कुठे भोक आठवलं: संध्याकाळी आतली हवा गार होऊन आकसत होती आणि बंद टाकीचा पत्रा दणका देत आत ओढला जात होता. ते मी गुपचूप उघडलं आणि शेडच्या मालकांना सांगितलं, फिटर ते उघडायला विसरला. त्यांनी त्याला कामावरून काढलं. जाताना तो म्हणाला, "घरी काय सांगू साहेब, भुताने नोकरी खाल्ली?" आज लिहून ठेवतो: भोक मी बुजवायला लावलं, आणि त्याने मला आधी विचारलं होतं.